दार वाजवणाऱ्या त्या दोन मुलांचा दिवस कसा जात असेल?

निशिकासाईकर
तोक्योच्या पूर्वेकडील ज्या भागात मी बारा वर्षे राहतो, तिथे दाराची घंटी वाजली तर ती पार्सलवाल्याची असते किंवा वरच्या मजल्यावरच्या तमिळ कुटुंबातील मुलांची. गेल्या शनिवारी, पावसाची झड लागलेली असताना, घंटीच्या कॅमेऱ्यात दोन गोरे तरुण दिसले. पांढरे सदरे, टाय, छातीवर काळी नामपट्टी आणि जिन्याशी टेकवलेल्या दोन सायकली. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीत मुख्यालय असलेल्या ख्रिस्ती पंथाचे ते मिशनरी होते. एक एकोणीस वर्षांचा, दुसरा वीस.

माझी आई सध्या सांगलीहून इथे आलेली आहे. या पंथातील पुरुष मिशनऱ्याला 'एल्डर' म्हणतात आणि जपानीत त्यासाठी 'चोरो' हा शब्द वापरतात. दोघांनी आपापल्या नावापुढे तो लावून ओळख करून दिली आणि आईच्या कानावर दोनदा 'चोरो' एवढेच पडले. ती लाटणे घेऊनच बाहेर आली.

गैरसमज मिटल्यावर तिने चहा टाकला, तर मुलांनी अतिशय नम्रपणे नको म्हटले, कारण त्यांना चहा-कॉफी वर्ज्य आहे. दारी आलेला माणूस चहाला नाही म्हणतो हे तिला धर्मप्रचारापेक्षाही विचित्र वाटले. शेवटी भाजलेल्या बार्लीचे थंडगार मुगिचा त्यांनी घटाघट तीन-तीन पेले प्यायले. सकाळपासून किती दारे वाजवली असे विचारल्यावर, मोजणे सोडून दिले आहे, असे थोरला हसून म्हणाला.

धर्मांतर योग्य की अयोग्य हा वाद मला इथे घालायचा नाही. माझा प्रश्न लहान आहे. एवढ्याशा वयात, परक्या देशात, अर्धवट भाषेच्या आधारावर दिवसभर नकार ऐकून ही मुले संध्याकाळी खोलीवर परतल्यावर एकमेकांशी काय बोलत असतील? कोणाला जवळून माहीत असल्यास सांगावे.

तिरकस
"उद्या पुन्हा त्या आजींकडे जाऊ. तिथे लाटणे असले तरी पंखा आहे." याखेरीज काय बोलणार?

विमेकरी
सोलापूर जिल्ह्यात सात वर्षे विमा विकल्यामुळे या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे असे वाटते. नकार पचतो. पहिले दोन महिने जड जातात, नंतर दार उघडण्याच्या आवाजावरूनच उत्तर कळू लागते. पचत नाहीत ती "पुढच्या आठवड्यात या" म्हणून टोलवणारी माणसे, कारण पुढच्या आठवड्यात आपण खरोखरच जातो. मात्र मला संध्याकाळी घरी जाऊन बायकोकडे त्या माणसांचा उद्धार करता येत असे आणि महिन्याच्या शेवटी काही कमिशन हाती पडत असे. या मुलांना पगार असतो का?

सॉल्टलेकवासी
पगार नसतो, उलट घरून पैसे भरावे लागतात. अमेरिकेतील मिशनऱ्यासाठी पूर्वी महिन्याला ४०० डॉलर द्यावे लागत, २०२० पासून ५०० द्यावे लागतात. मुले स्वस्त देशात गेली काय नि जपानसारख्या महागड्या देशात गेली काय, रक्कम तीच. कुठे जायचे हे त्यांनी निवडायचे नसते. अर्ज करायचा आणि ज्या देशाचे नाव येईल तिथे जायचे, अशी रीत आहे.

मी ज्या कार्यालयात काम करतो तिथले निम्मे सहकारी असे दारे वाजवून आलेले आहेत. अस्खलित पोर्तुगीज किंवा तगालोग बोलणारा लेखापाल पाहायचा असेल तर आमच्या युटा राज्यात यावे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा गृहस्थ २००८ ते २०१० या काळात फुकुओकाच्या बाजूला होता. तेव्हा मुलांना एकोणिसाव्या आणि मुलींना एकविसाव्या वर्षी जाता येत असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ती वये अठरा आणि एकोणीस झाली. मुलांनी दोन वर्षे द्यायची, मुलींनी अठरा महिने.

त्याचा दिवस असा असे. साडेसहाला उठणे, थोडा व्यायाम, न्याहारी. आठपासून धर्मग्रंथांचे वाचन, आधी एकट्याने आणि मग जोडीदाराबरोबर, त्यानंतर जपानीचा अभ्यास. दहाच्या सुमारास सायकल काढायची ती रात्री नवाला परत आणायची, दुसऱ्या दिवसाचे नियोजन लिहायचे आणि साडेदहाला दिवा मालवायचा. चित्रपट, दूरदर्शन आणि मुलींबरोबर फिरणे दोन वर्षे बंद. आठवड्यातून एक दिवस, बहुधा सोमवारी, कपडे धुणे, बाजारहाट आणि घरी पत्र. २०१७ पासून वेळापत्रक काहीसे सैल झाले आहे, पण सांगाडा तोच आहे.

यातील सर्वांत अवघड भाग नकाराचा नव्हता, तर जोडीदाराचा होता, असे तो आजही सांगतो. जोडीदार सतत नजरेच्या आणि कानाच्या टप्प्यात असला पाहिजे असा नियम आहे. न्हाणीघर सोडले तर एकांत नाही. जोडी वरून ठरवली जाते आणि साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या जाहीर होतात. त्यात जोडी फुटेलच असे नाही. त्याला मिळालेल्या एका जोडीदाराला सफरचंद खाताना तोंड मिटण्याची सवय नव्हती आणि ते सफरचंद त्याने बारा आठवडे ऐकले. लग्न टिकवण्याचे शिक्षण आपल्याला तिथेच मिळाले असे तो बायकोसमोर सांगतो.

भाषेचेही एक सांगतो. अमेरिकेत दोन-अडीच महिने जपानीचे धडे घेऊन तो गेला. पहिल्याच आठवड्यात घंटीच्या यंत्रातून बाईंचा गोड आवाज आला, "केक्को देस". केक्को म्हणजे 'छान' हे त्याने पाठ केलेले होते. त्यामुळे तो आनंदाने दारात उभा राहिला. त्याच शब्दांनी 'नको, पुरे' असेही सांगतात हे जोडीदाराने चार मिनिटांनी समजावले. तो मुद्दाम चार मिनिटे थांबला होता.

तिरकस
आपल्याकडे 'बघू' म्हणतात तेच. लग्नाच्या बोलण्यात एका 'बघू'वर आमचे काका दीड वर्ष थांबले होते.

टोचणी
मुगिचा आणि सफरचंदाच्या गोष्टी वाचायला गोड आहेत, म्हणूनच थोडे कडू लिहितो. ज्या दारांवर ही मुले उभी राहतात त्या दारांमागच्या माणसांना कोणी विचारले आहे का? मार्च १९९५ मध्ये ओम् शिनरिक्यो या पंथाने तोक्योच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची नारा येथे हत्या झाली आणि मारेकऱ्याचा राग युनिफिकेशन चर्चवर होता, कारण त्याच्या आईने त्या पंथाला दिलेल्या पैशांत घर बुडाले होते. ज्या समाजाने हे पाहिले त्याने धर्माचे नाव घेणाऱ्या अनोळखी माणसाला दार उघडू नये हे स्वाभाविक आहे. या मुलांचा त्या दोन पंथांशी काहीही संबंध नाही हे मला मान्य आहे, पण घंटीच्या छोट्या पडद्यावर तो फरक दिसत नाही.

दुसरे असे की, वर जी दिनचर्या कौतुकाने सांगितली आहे ती पुन्हा वाचून पाहावी. एकटे राहायचे नाही, चित्रपट पाहायचे नाहीत, प्रेमात पडायचे नाही, झोपायची वेळ दुसऱ्याने ठरवायची. अठरा वर्षांच्या मुलाने हे स्वखुशीने निवडले असे म्हणताना, त्याचा बाप, काका आणि थोरला भाऊ जाऊन आलेले असतात आणि गावातल्या प्रत्येक प्रौढाने त्याला "तू कधी जाणार?" असे विचारलेले असते, हे विसरले जाते.

सॉल्टलेकवासी
आपला दुसरा मुद्दा मला बराचसा मान्य आहे, आणि त्यात मी भर घालतो. मुदतीआधी परत आलेल्या मुलाचे इथे फार हाल होतात. कारण आजाराचे असो की मनाच्या खचण्याचे, प्रार्थनेनंतर लोक आवाज खाली आणून बोलतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा सहा महिन्यांत परतला आणि त्याने वर्षभर दिवसाउजेडी अंगणातले गवत कापले नाही. बोलावणे आले की घरोघरी आनंदसोहळा होतो, पण नको म्हणण्याचा सोहळा कुठेही नसतो.

कौतुकाने लिहिले हा आरोप मात्र अर्धाच खरा आहे. ज्या गोष्टीत जाचकपणा आहे तिच्यात गंमत नसते असे थोडेच आहे? आणि जोडीने राहण्याचा नियम केवळ पहाऱ्यासाठी नाही. अनोळखी शहरात रात्री साडेआठला सायकल घसरून पडलेल्या मुलाजवळ दुसरे कोणी असणे याला काही अर्थ आहे.

वसईची पोर
मिशनरी म्हटले की सर्वांना एकाच साच्यात घातले जाते, म्हणून लिहिते आहे. आम्ही वसईचे कॅथलिक. आमच्याकडे अठराव्या वर्षी कोणाला दार वाजवायला पाठवत नाहीत. आधी सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांची लांबलचक वर्षे काढावी लागतात. माझा मामेभाऊ धर्मगुरू होऊन टांझानियात गेला तेव्हा तो तिशीला आला होता.

पहिल्या वर्षी त्याच्या पत्रांत ख्रिस्त कमी आणि पाण्याचा पंप जास्त असे. सकाळी मिस्सा (चर्चमधील उपासना), मग शाळेच्या फाटकाची कडी, पंपाचा पट्टा, कोणाला तरी दवाखान्यात पोचवणे, आणि दुपारभर स्वाहिली. तिथे लहानांनी मोठ्यांना 'शिकामो' म्हणायचे असते आणि मोठ्यांनी 'माराहाबा' म्हणून तो नमस्कार स्वीकारायचा असतो. एकदा हा घाईत एका म्हाताऱ्या बाईला नुसते 'कसे काय' अशा अर्थाचे काही बोलून पुढे गेला. बाईने त्याला परत बोलावले, समोर उभे केले आणि शिकामो म्हणेपर्यंत सोडले नाही. "पाद्री असशील, पण माझ्या नातवाच्या वयाचा आहेस." आमच्या मामीने हे वाचल्यावर त्या बाईसाठी सुकेळी (वाळवलेली केळी) पाठवायची ठरवली होती.

आणि जपानचाच विषय आहे तर निशिकासाईकरांना सांगावेसे वाटते की, या वाटेने आमचा माणूस साडेचारशे वर्षांपूर्वी गेलेला आहे. गोन्सालो गार्सिया, जन्म वसईत, १५५७च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला आणि धर्मशिक्षकाचे काम करू लागला. पुढे त्याने व्यापारही केला, मनिलात फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा बंधू झाला आणि १५९३ मध्ये दुभाषी म्हणून जपानला परतला. सत्ता तेव्हा हिदेयोशीची होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या २६ जणांना क्रुसावर चढवले त्यांत तो होता. क्योतोत डाव्या कानाचा तुकडा छाटून त्यांना भर हिवाळ्यात तिथवर पायी नेले होते. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले आणि गास गावात त्याच्या नावाचे चर्च आहे. लहानपणी आम्हाला त्याच्या मरणाविषयी पुष्कळ सांगितले गेले. पंधराव्या वर्षी घरापासून इतक्या दूर तो काय जेवत असेल, याविषयी मात्र कोणीच काही सांगितले नाही.

टोचणी
त्याच्या मागे पोर्तुगीज जहाजे होती हेही लिहायला हवे.

वसईची पोर
हो, होती. आणि मरणाच्या दिवशी त्यांतले एकही उपयोगी पडले नाही.

जुनी वही
दार वाजवणारे आपल्याकडेही आले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्याहून निघून जाण्याचा हुकूम दिलेला होता आणि मुंबईतही पहिले काही महिने त्यांना आज घालवतात की उद्या या चिंतेत काढावे लागले. हॉल तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतला. हॉल मात्र मराठी शिकला, शाळा काढल्या, बाजारात आणि देवळांच्या आसपास उभा राहून बोलत राहिला. ऐकणारे जमत, शंका विचारत, वाद घालत आणि घरी जात. एवढ्या वर्षांत त्याच्या पदरात धर्मांतरे जवळजवळ पडलीच नाहीत, पण बायबलमधील नव्या कराराचे मराठी भाषांतर झाले.

सॉल्टलेकवासी यांनी साप्ताहिक पत्राचा उल्लेख केला आहे, त्यावरून आठवले. १८२५ मध्ये मुलांच्या प्रकृतीसाठी हॉलची पत्नी दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली आणि तो एकटा मागे राहिला. पत्राला जहाजाने महिनोन्‌महिने लागत. मार्च १८२६ मध्ये पटकीची साथ असलेल्या नाशिकहून परतताना वाटेतल्या एका खेड्यात तो स्वतः पटकीने गेला. ती बातमी पत्नीपर्यंत पोचेपर्यंत ती त्याला पत्रे लिहीतच असणार.

निशिकासाईकरांच्या पाहुण्यांचा पूर्वज मात्र वेगळा आहे. त्यांच्या पंथाचे पहिले चार मिशनरी ऑगस्ट १९०१ मध्ये योकोहामाला उतरले. त्यांतील आल्मा टेलर नुकताच एकोणीस वर्षांचा झाला होता. तो १९१० पर्यंत तिथेच राहिला आणि त्यांच्या मुख्य ग्रंथाचे त्याने केलेले जपानी भाषांतर १९०९ मध्ये छापले गेले. एवढे होऊनही अनुयायी इतके थोडे मिळाले की १९२४ मध्ये ते काम बंद करण्यात आले आणि पुन्हा सुरू व्हायला १९४८ उजाडले. जपानमध्ये सर्व पंथांचे मिळून ख्रिस्ती लोक आजही एक टक्क्याच्या आसपासच आहेत. आकड्यांच्या हिशेबाने पाहिले तर त्या देशाने सव्वाशे वर्षे 'केक्को देस'च म्हटले आहे.

सॉल्टलेकवासी
पत्रांच्या बाबतीत एक दुरुस्ती. माझा सहकारी दोन वर्षांत आईचा आवाज चारदा ऐकू शकला, कारण तेव्हा घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला करता येत असे. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला फोन किंवा चित्रफोन करण्याची मुभा मिळाली आहे. "आम्ही नाही का काढली दोन वर्षे?" असे तो तोऱ्यात म्हणतो. पण त्याचा मुलगा पुढच्या वर्षी जाणार की नाही हे अजून ठरलेले नाही आणि तो प्रश्न निघाला की हाच उठून कॉफीच्या यंत्राकडे जातो, जे तो वापरत नाही.

ओसाकातली
माझा अनुभव लिहिते. नवरा कामावर असताना दोन चोरो आले. पाऊस होता म्हणून मी आत या म्हटले, तर ते उंबऱ्याबाहेरच भिजत उभे राहिले. मला अपमान वाटला. एकट्या बाईच्या घरात पुरुष मिशनऱ्यांनी शिरायचे नाही असा नियम असल्याचे नंतर कळले. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन मुलींना पाठवले, त्यांना 'शिमाई' म्हणतात.

त्यांच्याकडून मी धर्म घेतला नाही, पण आमच्या खालच्या मजल्यावरच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी त्यांच्या फुकट इंग्रजी संभाषणवर्गाला अकरा वर्षे जात आहेत. रविवारच्या प्रार्थनेला त्या एकदाही गेलेल्या नाहीत आणि कधी जाणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे एक वही आहे. शिकवून गेलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, गाव आणि त्याला न आवडणारा पदार्थ तिच्यात लिहिलेला आहे. बहुतेकांच्या नावापुढे 'नात्तो' ठरलेले आहे. आंबवलेल्या सोयाबीनचा वास मलाही अजून जमलेला नाही. परत गेल्यावर त्यांतल्या काहींनी लग्नाच्या पत्रिका पाठवल्या आहेत.

तिरकस
आधी चोरो, मग शिमाई. सांगलीच्या आजी आता शिमग्याचीच तयारी करतील. पण एक गंभीर शंका आहे. चहा चालत नाही, तर आमसुलाचे गरम सार चालते का?

सॉल्टलेकवासी
चालते. या पंथाच्या १८३३च्या मूळ धर्मवचनात 'उष्ण पेये' असा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ चहा आणि कॉफी एवढाच घेतला जातो. गरम चॉकलेट इथे पातेल्यांनी प्यायले जाते. साराविषयी सॉल्ट लेकने अद्याप काही म्हटलेले नाही.

बर्फाळ
मूळ प्रश्न मागे पडतो आहे आणि मला त्याचे उत्तर माहीत आहे. साप्पोरोला शिकत असताना पातळ भिंतीच्या एका इमारतीत माझ्या शेजारच्या खोलीत अशीच जोडी राहत होती. कानोसा घेणे वाईट, पण त्या भिंतीपुढे माझा इलाज नव्हता.

सव्वानवाच्या सुमारास बूट काढल्याचा आवाज येई. त्यानंतर पाचएक मिनिटे काहीच नाही. मग भाताचा कुकर कोणी घासायचा यावर रोज तोच वाद. मग एकजण एकच जपानी वाक्य वीस-पंचवीसदा म्हणे आणि दुसरा प्रत्येक वेळी त्याला एकाच जागी अडवी. मग दोघे एक स्तोत्र गात, त्यातला एक ठार बेसूर होता. साडेदहाला शांतता. ज्या दिवशी दारांवर काही वाईट घडलेले असे त्या दिवशी कुकरचा वाद होत नसे. कोणीतरी मुकाट्याने घासून टाकी. हे मला दोन महिन्यांनी लक्षात आले.

सकाळी इमारतीसमोरचा बर्फ तेच उपसत, कोणी न सांगता. आमचे घरमालक त्यांच्या पत्रिका कधी घेत नसत, पण त्यांच्या दाराशी बटाट्यांची पिशवी ठेवून जात.

विमेकरी
बर्फाळ, कुकरचे अगदी बरोबर आहे. वाईट दिवशी माझी बायको जेवणात काय हवे हे विचारत नसे.

निशिकासाईकर
सर्वांचे आभार. टोचणी यांच्या सांगण्यावरून मी या वेळी शेजाऱ्यांशीही बोललो. वरच्या मजल्यावरील जपानी बाईंना या मुलांची भीती वाटते, त्या पडदा ओढून घेतात, आणि त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही.

काल दोघे पुन्हा आले. आईने खिचडी आणि सार केले होते. खाऊन झाल्यावर मी सरळच विचारले की, संध्याकाळी खोलीवर तुम्ही काय बोलता? दोघांनी एकमेकांकडे पाहिले. गेल्या शनिवारी तुमच्या आईच्या हातात जे होते ते शस्त्र होते की वाद्य यावर आमचा साडेदहापर्यंत वाद चालला, असे थोरला म्हणाला. आईने लाटणे आणून एक पोळी लाटून दाखवली. धाकट्याने दुसरी लाटली, तिचा आकार सांगण्यासारखा नव्हता.

धाकट्याची बदली झाली आहे. गुरुवारी तो दुसऱ्या शहरात जाईल आणि तिथे त्याची गाठ कोणाशी पडेल हे त्याला माहीत नाही. त्याला डोळ्यांत पाणी येते आहे हे पाहून थोरला उगाचच सायकलची साखळी तपासायला खाली गेला, म्हणजे नजरेच्या टप्प्याबाहेर, नियम मोडून. आईने रव्याचे लाडू डब्यात भरून दिले आणि त्यांत चहा-कॉफी काही नाही हे तीनदा सांगितले. डबा परत कसा करायचा याची चिंता त्याला अधिक होती.